विद्येला कुलूप नको

मंडळी, आजचा विषय आहे कार्ल्सबर्ग बिअरवाल्या याकोबसेन यांनी आपल्या दानाची घडी कशी बसवली. त्यावर येतोच. पण आधी मला विरजणाची गोष्ट सांगू द्या, कारण माणूस कळल्याशिवाय त्याचं दान कळत नाही.

साल १८४५. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा याकोब क्रिस्तियान याकोबसेन वडिलांचाच बिअरचा धंदा करत होता. जुन्या पद्धतीची बिअर, आज बरी, उद्या आंबूस. म्हणून तो म्यूनिकला गेला आणि श्पाटेन ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, झेडलमायर यांच्याकडून तळाशी बसणारं यीस्ट, म्हणजे बिअरचं विरजणच, मिळवलं. त्या यीस्टला थंडावा लागतो आणि परतीचा प्रवास तर घोडागाडीचा! त्याने यीस्टची दोन भांडी टोपीच्या डब्यात ठेवली. गाडी थांबेल तिथे खाली उतरायचं, भांड्यांवर गार पाणी ओतायचं, पुन्हा गाडीत. भर उन्हाळ्यात गावाहून वाटीभर विरजण जपून आणलेल्या कुणालाही ती धडपड कळेल. (मी स्वतः बिअर घेत नाही, पण त्या डब्यापुढे मात्र हात जोडतो.)

पुढे वाल्बीच्या टेकडीवर नवा कारखाना उभा राहिला. मुलगा कार्ल, आणि 'बर्ग' म्हणजे डोंगर, म्हणून कार्ल्सबर्ग. १० नोव्हेंबर १८४७ला तिथे पहिला घाणा लागला.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. १८७५मध्ये त्याने कारखान्यातच प्रयोगशाळा काढली. तिच्या नियमांत त्याने लिहून ठेवलं की इथे लागलेला कुठलाही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही. १८८३मध्ये एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी दाखवलं की बिअर बिघडते ती यीस्टमध्ये घुसलेल्या रानटी जातींमुळे. त्यांनी चांगल्या यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवलं. याकोबसेनने ते दुसऱ्या ब्रुअरींनाही देऊन टाकलं. म्यूनिकहून मिळालेलं ऋण त्याने असं फेडलं, असं मी मानतो.

हे मला इतकं का भिडतं? नोकरीत मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होतो. दुधातलं प्रथिन मोजायला आम्ही केल्डाल पद्धत वापरायचो. लांब मानेच्या फ्लास्कमध्ये गंधकाम्लात दूध उकळायचं, काळा रस पांढुरका-निवळ होईपर्यंत वाट बघायची, नाकाला झोंबणारा धूर. आमच्या वरिष्ठांची वही होती, त्यात कशाचं किती प्रमाण ते लिहिलेलं, आणि वही कपाटात कुलूपबंद. ते निवृत्त झाले, वही घेऊन गेले. तीन महिने आमचे आकडे जुळत नव्हते. आणि ही पद्धत बसवणारे योहान केल्डाल कोण? याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेचे! १८८३मध्ये त्यांनी ती जगासाठी छापून टाकली होती. अजून आठवलं की जीव तळमळतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. तर दानाची घडी. १८७६मध्ये त्याने कार्ल्सबर्ग फाउंडेशन हा न्यास काढला. कारभार नातेवाइकांकडे नाही, डॅनिश विज्ञान अकादमीने आपल्यातून निवडलेल्या पाच जणांकडे. १८५९मध्ये जळालेल्या फ्रेडरिक्सबोर्ग राजवाड्याच्या उभारणीला त्याने पैसा दिला, तिथे १८७८मध्ये इतिहासाचं संग्रहालय झालं. मुलाशी मात्र धंद्यावरून कडाक्याचं वैर. कार्लने शेजारीच 'नवं कार्ल्सबर्ग' काढलं. दोघांचा समेट व्हायला म्हातारपण उजाडावं लागलं. १८८७मध्ये रोममध्ये याकोबसेन गेला आणि पुढच्या वर्षी जुना कारखाना फाउंडेशनकडे आला. त्याचं राहतं घर मानाचं निवासस्थान ठरलं, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तिथे १९३२पासून शेवटपर्यंत राहिले.

घरी शेताची जमीन आरोग्य पत्रिका असेल तर जाऊन 'सामू'चा, म्हणजे माती आम्ल की अल्कली हे सांगणारा पीएचचा, आकडा बघा. ती मोजपट्टी १९०९मध्ये सोरेन्सेन यांनी मांडली, त्याच टेकडीवरच्या प्रयोगशाळेत.