पोराला हिशोबाला बसू द्या

(अमळनेरला पालक आणि शिक्षकांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून लिहिलेलं)

नमस्कार. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ती मला कित्येक वर्षं टोचते आहे.

आमची यावल तालुक्यात थोडी केळी आहे. मी शाळेत मास्तर, शेती भाऊ बघायचा, पण कटाईच्या वेळी मी घरी असायचो. तेव्हा कांदेबागाची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, कटाई चालू होती, व्यापारी ओट्यावर बसलेला, चहा झाला, भाव ठरत होता, अन् माझा मुलगा तिथेच खेळत होता, असेल अकरा-बारा वर्षांचा. तो मधेच म्हणाला, "पप्पा, पेपरात तर भाव जास्त छापलाय, मग हे काका कमी का देताय?" आता तुम्हाला माहितीय, बाजार समितीचा भाव एक असतो, बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा एक असतो अन् बांधावर मिळतो तो तिसराच असतो. नवतीला, म्हणजे नव्या लागवडीच्या मालाला वेगळा, पिलबागला, म्हणजे पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाला वेगळा, अन् वापसीच्या, नाकारलेल्या मालाला तर कोणी विचारत नाही. पोराने बरोबर नस पकडली होती. अन् मी काय केलं? मी त्याला म्हणालो, "तुले काय करनं? जा, अभ्यास कर."

तो गेला. अन् मग त्याने कधीच विचारलं नाही. आज तो पुण्याला इंजिनिअर आहे, चांगलं चाललंय त्याचं, माझी काही तक्रार नाही. पण मागच्या दिवाळीला मी त्याला विचारलं की बाबा रे, बागेचं पुढे काय करायचं, ठिबक बदलायचं का, निम्म्यात दुसरं काही लावायचं का, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "पप्पा तुम्हीच ठरवा, मला त्यातलं काही कळत नाही." त्याला कळत होतं हो, अकराव्या वर्षी कळत होतं. कळणं बंद केलं ते मी.

मला आज एवढंच बोलायचंय. आपल्या मुलांनी उद्योग करावा, गावाचं काहीतरी चांगलं करावं असं सगळ्यांना वाटतं, त्यासाठी आपण शिबिरं लावतो, मोठ्या माणसांची भाषणं ठेवतो, पण घरात जिथे खरा निर्णय होतो, पैसा जिथे मोजला जातो, तिथून पोराला उठवून आत पाठवतो. वर्षानुवर्षं आत पाठवतो अन् मग पंचविसाव्या वर्षी म्हणतो की याच्यात धमक नाही.

तुमच्या अमळनेरचंच घ्या. विप्रो इथली. 1945 साली मोहम्मद हुसेन प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, कंपनीचं नावच होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. 1966 ला ते वारले अन् अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परत आले, तेव्हा वय किती तर 21. ही एवढी मोठी गोष्ट तुमच्या गावात घडलीय. पण आपण पोरांना कोणती गोष्ट सांगतो? अमक्याच्या आजोबांनी विप्रोचे शेअर घेतले होते, विकले नाहीत, आज कोट्यधीश आहेत. तमक्याने विकले, तो बसला हळहळत. राग मानू नका, पण ही शेअर सांभाळून ठेवणाऱ्याची गोष्ट आहे. शेंगदाणा इथे पिकतो मग तेल इथेच का काढू नये, हा विचार करणाऱ्याची गोष्ट आपण सांगतच नाही. बाप अचानक गेला, पोरगा 21 चा, कारखान्यातलं काही माहीत नाही, मग पहिल्या वर्षी त्याने काय शिकून घेतलं असेल, कोणाला काय विचारलं असेल, हे पोरांशी बोला ना. त्यांना त्यात जास्त रस वाटतो, मी वर्गात करून पाहिलंय.

जळगावचे भवरलाल जैन, जैन इरिगेशन काढणारे, वाकोदचे शेतकऱ्याच्या घरातले. सरकारी नोकरी मिळत होती, ती नाही घेतली. 1963 साली घरची सात हजारांची पुंजी लावून रॉकेल विकायला सुरुवात केली. 1978 ला केळीच्या पावडरीचा कारखाना घेतला अन् त्यात पपईपासून पापेन, म्हणजे पपईच्या चिकातलं पाचक द्रव्य, काढायला लागले. पाईप, ठिबक हे सगळं नंतरचं. यातली जी सात हजारांची गोष्ट आहे ना, तिच्यावर मी नेहमी थांबतो. ती घरातल्या सगळ्यांची साठवलेली रक्कम होती. म्हणजे घर त्या निर्णयात होतं. आज आपल्या घरात पोराने सरकारी पोस्ट नाकारली तर काय होईल, याचा विचार करा. घरात सुतक पडेल. मी एमपीएससी करणाऱ्या पोरांच्या विरोधात अजिबात नाही, चांगले अधिकारी लागतातच, पण दोन जागांसाठी सहा वर्षं घालवणारा पोरगा स्वतःच्या मर्जीने बसलाय की दुसरं काही कधी पाहिलंच नाही म्हणून बसलाय, हे तरी बघा.

बरं, शाळेत काय करतो आपण? बाल आनंद मेळावा. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत होतो, पोरं स्टॉल लावतात, भेळ, वडापाव, भाजीपाला, गटशिक्षणाधिकारी येतात, फोटो निघतात. मी पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी मेळावे केले. अन् खूप उशिरा माझ्या लक्षात आलं की यात पोरगं फक्त उभं असतं. वडे आईने तळलेले, माल बापाने आणलेला, अन् गल्ल्यात जे जमलं ते सगळं "नफा" म्हणून पोरगं घरी घेऊन जातं. खर्च कोणी मांडतच नाही.

म्हणून एका वर्षी मी वही सुरू केली. प्रत्येकाने वहीत लिहायचं, काय आणलं, कितीला आणलं, काय उरलं, काय वाया गेलं. सातवीतल्या एका मुलीने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, ठेवल्या होत्या. दादर ज्वारीच्या बिबड्या, तीळ-लसूण घालून, घरच्या. पाच-पाचची पाकिटं, 20 रुपयाला एक. चोवीस पाकिटं गेली, 480 रुपये आले. दादर, तीळ, मिरची, गॅस, पिशव्या सगळं धरून खर्च लावला 190. नफा 290. पोरगी खूश, मी पण खूश. मग मी तिला सहज विचारलं की बिबड्या केल्या कोणी? म्हणे आई अन् काकूने, एक पूर्ण दिवस गेला. मी म्हटलं मग त्यांची मजुरी लिही. ती म्हणाली, सर, आईची कशी मजुरी? मी म्हटलं त्या दिवशी आई निंदायला गेली असती तर किती मिळाले असते? म्हणे 250. मग लिही, दोघींचे 500.

हिशोब उलटा झाला. 210 रुपये तोटा.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मला वाटलं रागावली असेल. ती म्हणाली, "सर, पोरीने काल रात्री सगळ्यांसमोर वही वाचली. माझ्या दिवसाची किंमत घरात पहिल्यांदा कोणीतरी लिहिली." मी यावर काय बोलणार. पुढच्या वर्षी त्याच मुलीने बिबड्या कच्च्या विकल्या नाहीत, तिथेच तळून, वर चटणी लावून एक-एक विकली, अन् मजुरी धरूनही पैसे उरले. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, तोट्याने सांगितलं.

म्हणून माझी पालकांना विनंती असते की तोटा भरून देऊ नका. एका पोराचं लिंबू सरबत त्या दिवशी ढग आल्याने गेलंच नाही, 130 रुपये अंगावर आले, तर वडिलांनी लगेच खिशात हात घातला. अहो, राहू द्या ना. 130 रुपयात तो जे शिकणार होता ते पुढे दोन लाखात शिकेल.

आता एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला पोरांना शाळा बुडवून नेतात, ते मी सांगतोय त्यात बसत नाही. कायद्याने पण चौदाच्या आतल्या मुलाला फक्त घरच्या कामात हात लावता येतो, तोही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, अन् धोका नसलेल्या कामात. आपल्या गरीब घरातल्या पोरांना काम शिकवायची गरजच नाही, ती पहाटे गोठा साफ करून शाळेत येतात. त्यांच्या वाट्याला कष्ट आहेत पण निर्णय नाही. कापूस तो वेचतो, पण कधी विकायचा, घरी ठेवायचा की जिनिंगला घालायचा, हे त्याला कोणी विचारत नाही. अन् खाऊनपिऊन सुखी घरातल्या पोराला तर दोन्ही नाही.

आता ते चेंजमेकर, म्हणजे बदल घडवणारी माणसं, म्हणतात ते. हा शब्द अशोका नावाच्या संस्थेने जगभर नेला, बिल ड्रेटन यांनी 1980 साली काढलेली ही संस्था. त्यांचा भर कशावर, तर दुसऱ्याची अडचण आपल्याला जाणवणं, ते लहानपणीच यावं. हे मला पटतं, पण मी त्याला एक जोड देईन, अडचण मोजता आली पाहिजे. आमच्या शाळेत तीन खेड्यांच्या मुली एसटीने यायच्या, पास फुकट आहे त्यांना, अहिल्याबाई होळकर योजनेतून, पण गाडी शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी निघून जायची अन् पुढची अंधार पडल्यावर. हिवाळ्यात तर घरचे म्हणायचे उद्यापासून जाऊ नको. नववीच्या चार मुलींनी पंधरा दिवस नोंद ठेवली, कोणत्या दिवशी गाडी किती वाजता गेली, किती मुली मागे राहिल्या, किती जणींनी शेवटचा तास सोडला. मी त्यांना फक्त कागद आखून दिला. तो कागद घेऊन त्या स्वतः आगारात गेल्या, मी बाहेर थांबलो. साहेबांनी पहिल्यांदा उडवून लावलं, दुसऱ्यांदा कागद ठेवून घेतला, तिसऱ्या वेळी गेल्यावर गाडी वीस मिनिटं उशिरा सुटायला लागली. त्या आधी पालकांनी, सरपंचाने किती अर्ज केले होते, पण "गैरसोय होते" एवढंच लिहिलेलं, आकडा कोणाकडेच नव्हता.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात बारीपाडा गाव आहे. चैत्राम पवार एम.कॉम. झालेले, नोकरीला बाहेर पडता आलं असतं, गावात थांबले अन् लोकांना धरून उजाड झालेलं जंगल राखलं. 2025 ला पद्मश्री मिळाली त्यांना. तिथे वनभाज्यांची स्पर्धा असते, बाया रानातल्या भाज्या करून आणतात. पोरांना सहलीला नेताना तिथे नेऊन बघा एकदा. फक्त जाऊन फोटो काढू नका, गावाने नियम कसे ठरवले, मोडणाऱ्याचं काय केलं, हे पोरांना विचारू द्या.

घरी काय करायचं असं तुम्ही विचाराल. फार मोठं काही नाही. पोर दहा वर्षांचं झालं की स्वतःच्या सहीने सेव्हिंग खातं चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, मर्यादा बँक ठरवते. ते काढा. लाईट बिल, किराणा, कटाईची पावती हे त्याच्यासमोर वाचा. व्यापारी आला तर त्याला शेजारी बसवा अन् तो चुकीचं बोलला तरी बोलू द्या, व्यापारी निघून जाणार नाही, घाबरू नका. अन् मुलींना पण बसवा, हे वेगळं सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण लागतं.

माझा नातू आता आठ वर्षांचा आहे. यंदा उन्हाळ्यात तो येईल तेव्हा कटाई असेल. मी भावाला सांगून ठेवलंय की वजन काट्यापाशी स्टूल त्याचं, केळीच्या घडाच्या दांड्याचं वजन किती धरलं ते तो लिहील. मुलगा पण म्हणाला, पप्पा, मी पण बसतो.

त्या मुलीच्या बिबड्यांच्या वहीची झेरॉक्स मी आणलीय, तिची परवानगी घेऊन. इथे टेबलावर ठेवतो, जाताना बघा, अन् कोणाला शाळेसाठी पाहिजे असेल तर कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान उघडं आहे.