गुळातली अँटिऑक्सिडंट आणि रक्तवाहिनीचं अस्तर

[दृश्य: कोल्हापूरजवळचं गुऱ्हाळ. काहिलीतून वाफ उठते आहे.]

काहिलीत रस उकळतोय. भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते, गुळव्या ती काढून टाकतो. साखरेइतकी सफाई इथं होत नाही, म्हणून उसातली थोडी अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या आक्रमक रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्यं, गुळात राहतात. एवढ्याच आधारावर मधुमेह असलेली कितीतरी माणसं म्हणतात, "साखर सोडलीया, गूळ चालतोय की!"

[दृश्य: ॲनिमेशन. रक्तवाहिनीचा आतला भाग.]

रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच थर असतो, तेच तिचं अस्तर. वाहिनीनं सैल कधी व्हायचं, हे बरंचसं तोच ठरवतो. त्यासाठी तो नायट्रिक ऑक्साइड वायू तयार करतो. या वायूच्या कार्याच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं.

रक्तातली साखर वाढली, तरी स्नायूंच्या पेशी इन्सुलिनच्या इशाऱ्याशिवाय ती फारशी आत घेत नाहीत. अस्तराच्या पेशींना मात्र साखर अडवता येत नाही. रक्तात वाढली की त्यांच्या आतही वाढते. ती जाळताना पेशीतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, सुपरऑक्साइड हे आक्रमक रेणू भराभर सोडू लागतात. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, नसा, सगळीकडच्या नुकसानीचा उगम इथं असल्याची मांडणी अमेरिकेतले मायकेल ब्राउनली यांनी केली. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गाठतं आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी घातक द्रव्य बनतं. वाहिनी नीट सैल होत नाही, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू लागतात.

पेशीकडे स्वतःचं संरक्षण असतं. एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढं कॅटलेज हे दुसरं एन्झाइम आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलंच अँटिऑक्सिडंट त्याचं पाणी करून टाकतात. वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायला एनएडीपीएच हा रेणू लागतो. खरी अडचण इथं आहे. जादा साखरेचं सॉर्बिटॉल होतानाही तोच रेणू खर्ची पडतो. म्हणजे संरक्षणाची गरज सर्वांत जास्त असते, नेमकं तेव्हाच ते तोकडं पडतं.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना अँटिऑक्सिडंट दिली, की हे नुकसान कमी होताना दिसतं. मग गोळ्या घ्याव्यात का? 2000 साली ‘होप’ चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा धोका असलेल्या 9,000 हून अधिक लोकांत बरेच मधुमेहीही होते. साडेचार वर्षं ई जीवनसत्त्व घेऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. सुपरऑक्साइड पेशीच्या आत सतत तयार होत असतं. बाहेरून दिलेली गोळी त्याचा उगम थांबवत नाही.

[दृश्य: शाहूपुरीतली गुळाची बाजारपेठ. गुळाचे रवे.]

आता गूळ. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, हे खरं. पण गूळ मुख्यतः साखरच आहे. ज्या साखरेनं अस्तर दुखावतं, तीच तो चिमूटभर अँटिऑक्सिडंटसोबत भरभरून आणतो. मधुमेह असलेल्यानं चहातल्या गुळाचा हिशेब साखरेसारखाच धरायला हवा, असं आम्ही ठामपणे सांगतो.

साखर आटोक्यात ठेवल्यानं काय होतं, हे टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात दिसलं. त्यात एका गटानं साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवलं, दुसऱ्यानं नेहमीचे उपचार घेतले. 1993 मध्ये तो संपला. नंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही सुरुवातीची सरासरी साडेसहा वर्षं काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांसारख्या आजारानं मृत्यू यांचं प्रमाण 57 टक्क्यांनी कमी असल्याचं 2005 मध्ये समोर आलं.