टूर्निकेट सैल करू नका! नौदलातला प्रथमोपचार

नमस्कार मंडळी. जहाजावरच्या प्रथमोपचाराचा विषय निघाला की कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न येतो. "दादा, टूर्निकेट दर १५ मिनिटांनी सैल करायचं असतं ना?" नाही. आज यावरच बोलूया.

मी नौदलात मेडिकल असिस्टंट होतो, जुन्या मंडळींना माहीत आहे. टूर्निकेट म्हणजे हातापायाला बांधायचा, दांडी पिळून आवळायचा पट्टा. जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून. जखम नेमकी दिसत नसेल तर हातापायाच्या अगदी वरच्या टोकाला. रक्त थांबेपर्यंत पिळा, दांडी अडकवा, वेळ लिहा. झालं.

आता मुद्द्याचं. सैल केल्यावर काय होतं? जखमेच्या तोंडाशी नुकतीच गुठळी धरायला लागलेली असते. पाटाच्या फुटलेल्या बांधावर ओली माती थापावी आणि लगेच पाणी सोडावं, तसं होतं. गुठळी वाहून जाते. परत आवळता, परत सोडता, आणि दर खेपेला थोडं थोडं रक्त जात माणूस हातातून जातो.

"पण मग पाय कापावा लागतो!" ही भीती मला कळते, पिढ्यान् पिढ्या तेच शिकवलंय. पण बगदादच्या अमेरिकी लष्करी इस्पितळात २००६ साली २३२ जखमींचा अभ्यास झाला. टूर्निकेटमुळे एकाचाही हात किंवा पाय गेला नाही. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी ज्यांना बांधलं त्यांतले सुमारे ९० टक्के जगले, शॉकनंतर बांधलेल्यांत फक्त १० टक्के. म्हणजे भीती बाळगायची ती उशिराची. दोन तासांपर्यंत पट्टा राहिला तरी सहसा कायमची इजा होत नाही.

आणि दुखतं, प्रचंड दुखतं. सरावात आमची पोरं ओरडायची, की बांधणारा दोस्त लगेच दांडी ढिली करायचा. मी तिथेच थांबवायचो. अर्धवट ढिला पट्टा तर जास्त वाईट! शिरा दबतात, धमनी चालू राहते, रक्त आत येतं, परत जात नाही, आणि जखम आणखी वाहते. पट्ट्याच्या खाली नाडी लागत असेल तर अजून पिळा. एकाने थांबत नसेल तर शेजारीच, वरच्या बाजूला, दुसरा बांधा.

जहाजावर हे जास्त महत्त्वाचं का, तर लहान जहाजावर डॉक्टर असेलच असं नाही. जखमीला इंजिन रूममधून नील रॉबर्टसन स्ट्रेचरमध्ये गुंडाळून, उभा करून, अरुंद हॅचमधून वर ओढायचं. मग हेलिकॉप्टर, मग मुंबईत असाल तर कुलाब्याचं अश्विनी, आमचं नौदलाचं इस्पितळ. स्ट्रेचर उभं असताना पट्टा सुटला तर तिथे हातसुद्धा पोचत नाही. म्हणून हलवण्याआधी आणि हलवल्यावर पट्टा तपासायचा. तपासायचा म्हणतोय, सोडायचा नाही.

एका ताईंनी विचारलंय, "आमच्याकडे फुरसं फार, साप चावल्यावर हेच बांधू का?" ताई, अजिबात नको. सर्पदंशाला टूर्निकेट नाही. पाय हलू देऊ नका, गाडी बोलवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. हा पट्टा फक्त भळभळ वाहणाऱ्या रक्तासाठी आहे.

कमरेचा बेल्टही नको, तो पुरेसा आवळलाच जात नाही. पट्टा नसेल तर स्वच्छ कापड जखमेत कोंबा आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबून धरा.

"मग काढायचं कधी?" प्रशिक्षित माणूस दोन तासांच्या आत, जखमी शॉकमध्ये नसेल आणि जखमेवर सतत लक्ष ठेवता येणार असेल, तर पट्टा काढून प्रेशर बँडेज, म्हणजे जखमेवर घट्ट दाब देणारी पट्टी, बांधू शकतो. सहा तास उलटले असतील तर इस्पितळाबाहेर कोणीही हात लावायचा नाही. म्हणूनच बांधल्याची वेळ पट्ट्यावर ठळक लिहा, आणि जखमीला ताब्यात देताना तोंडानेही सांगा.