वाण नाही, गुण लागला

(पोळ्याची आदली संध्याकाळ. गोठ्यातला पिवळा बल्ब. बैलाचा खांदा, जवळून.)

तुमसर तालुका, जिल्हा भंडारा. उद्या पोळा, आज खांदशेकणी. जू घासून जिथं कातडं राठ झालंय, तिथं हळद-लोण्याचा हात फिरतोय. कानाशी हलकेच म्हटलं जातं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

(सकाळ. शिंगं रंगवणारा हात.)

"थांब न बापा, हालू नको."

ब्रशाला केस उरलेत मोजून दहा, म्हणून राहिलेलं काम बोटानं. हे बोट नीट पाहून ठेवा. नखाच्या कडेला बसलेला निळा आता आठवडाभर तरी निघत नाही. शाई, ऑइल पेंट, प्लॅस्टिक, निळ्यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं द्रव्य म्हणजे कॉपर थॅलोसायनिन. या डब्यातही बहुधा तेच असावं.

या रेणूची जन्मकथा मजेदार आहे. 1928 साली स्कॉटलंडमधल्या रंगाच्या कारखान्यात एक पांढरं रसायन शिजत होतं. भांड्याच्या आतला काचेचा मुलामा तडकला, खालचं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्यात निळी घाण उतरली. माल बिघडला म्हणून ती फेकता आली असती. कुणीतरी तपासून पाहिली. लोखंड त्या रेणूच्या पोटात जाऊन बसलं होतं. पुढं लोखंडाच्या जागी तांबं बसलेला रेणू रंग म्हणून बाजारात आला.

(अंगण. रांगोळी. वरून कॅमेरा.)

आता हे अंगण. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी तोच रेणू टिपक्यांनी काढतेय. कार्बन 32, हायड्रोजन 16, नायट्रोजन 8. चार पाकळ्या, अगदी आपल्या कमळाच्या रांगोळीसारख्या. मधोमध जागा एकाच धातूची, असे एकूण 57. एक हायड्रोजन विसरला होता, तो आजीनं दाखवला. आजीला रसायनशास्त्र येत नाही, पण चार पाकळ्यांत एके ठिकाणी टिपका उणा पडलेला तिला लगेच दिसतो.

मध्ये तिनं ठेवलाय मँगनीजचा काळा खडा. डोंगरी बुजुर्गच्या खाणीचा.

(खाण. पायऱ्यापायऱ्यांचा काळा खड्डा. धुळीतून ट्रक.)

इथून मँगनीज ट्रक भरभरून जातं, पोलादासाठी, बॅटरीच्या सेलसाठी. ते कशाकशाला लागतं, हे मात्र इथल्या पोरांना नोकरीच्या जाहिरातीपलीकडे कुणी सांगत नाही.

(कॉलेजची खोली. टेबलावर चुंबक, टाचण्या.)

शेजारच्या चुंबकाचा गुण दुसऱ्याला कसा लागतो, ते हे सर सांगतात. चुंबकाला टाचणी, त्या टाचणीला दुसरी टाचणी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मुलं हसतात. सर लगेच थांबवतात. "उदाहरण अर्धंच खरं आहे. टाचणीला लांबूनही चालतं. रेणूला मात्र अंगाला अंग लागावं लागतं."

प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा चुंबक, तोंड वर नाहीतर खाली. त्यालाच स्पिन म्हणतात. कोबाल्टच्या अगदी स्वच्छ पृष्ठभागावर, हवेचा कणही नको अशा निर्वातात, रांगोळीतल्यासारखे रेणू पालथे निजतात. एका केसाच्या जाडीत पन्नास हजारांच्या घरात मावतील एवढे. पृष्ठभागाचे आणि रेणूचे इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळतात आणि रेणूतल्या धातूचं तोंड खालचा कोबाल्ट ठरवतो. 2007 मध्ये जर्मनी आणि स्वीडनच्या संशोधकांनी याच घराण्यातल्या, पोटात लोखंड असलेल्या पॉर्फिरिन रेणूंवर हे दाखवलं. लोखंड आणि खालचा धातू यांची थेट भेट होत नाही. मधला नायट्रोजन अडत्याचं काम करतो. दोन वर्षांनी त्यांनी मध्ये ऑक्सिजनचा पातळ थर घातला, तर लोखंडाचं तोंड नेमकं उलटं फिरलं. अडत्या बदलला, सौदा बदलला.

आणि हा गुण उलटाही लागतो. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या गटानं तांब्याच्या आणि मँगनीजच्या अतिपातळ थरांना साठ कार्बन अणूंच्या चेंडूचा, सी-60 चा, शेजार दिला. एरवी चुंबक न होणारे हे दोन्ही धातू साध्या खोलीच्या तापमानाला चुंबकासारखे वागू लागले. हो, मँगनीजच. आपल्या ट्रकातलं.

यातून कमी विजेची मेमरी, नवे सेन्सर होऊ शकतील. बरेच प्रयोग अजून कडाक्याच्या थंडीतच जमतात.

(पोळा. तोरणाखाली जोड्या. झडत्या. निवेदन नाही.)

(तान्हा पोळा. लाकडी बैल, पोरांची रांग. तेच अंगण.)

दुसऱ्या दिवशी रांगोळी पुन्हा काढलीय, कारण पहिली बैलांनी तुडवली. या वेळी 57 च्या 57. मधला खडा मात्र दिसत नाही. सरांच्या गोष्टीतलं कोबाल्ट ठेवायचं होतं, ते कुठून आणणार? म्हणून तिनं बैलाच्या पत्रीचा खिळा ठेवलाय.

सर वाकून बघतात. "लोखंड?"

"स्कॉटलंडचं भांडं, सर."