दीड मीटरचा बेड, पंधरा टप्पे

(दृश्य : आयपीसमधली उजळ फुली, थरथरती)

फुली थरथरतेय, कारण गाळ्यातला पंखा चालू आहे. साकीनाक्याला मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, पण गरम-गार हवेचे झोत प्रकाशाची वाट वाकवतात. पंखा बंद. दहा मिनिटं थांबायचं.

हा ऑटोकॉलिमेटर, आरशाचं बारीकसं कलणं मोजणारी दुर्बीण. भिंगाच्या नाभीवर काचेत कोरलेली फुली. तिच्यातून निघालेला प्रकाश भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतो, आरशावरून परततो आणि फुलीची प्रतिमा पुन्हा नाभीवरच उमटते. आरसा जरा कलला की परतीचा किरण दुप्पट वळतो. नाभीय अंतर ५०० मिलिमीटर असेल, तर एका सेकंदाच्या कलण्याने फुली जवळपास ५ मायक्रॉन सरकते. सेकंद घड्याळातला नव्हे. अंशाचा ३६००वा भाग. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरसा लांब नेला तरी रीडिंग बदलत नाही, फुली तेवढी मंद होते.

(दृश्य : चेनपुलीवर उचललेलं टेबल, खाली उघडा बेड)

सरफेस ग्राइंडरचा, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) घासून सपाट करणाऱ्या यंत्राचा बेड. तो किती सरळ आहे, तेच मोजायचं. केरोसिनने पुसला, तरी तळहात फिरवून बघायचाच. बर, म्हणजे धातूचा उठलेला बारीक काटा, हाताला लागतो, डोळ्याला नाही.

आरशाच्या ठोकळ्याच्या दोन पायांत अंतर १०० मिलिमीटर, म्हणून टेबल ज्यावर सरकतं त्या सपाट गाईडवर खुणाही दर १०० मिलिमीटरला. चूक होते ती इथेच. मागचा पाय आधीच्या पुढच्या पायाच्या जागी बसला नाही, तर पुढची सगळी बेरीज फुकट. ठोकळा आडवा वळू नये म्हणून कडेला पट्टी.

आधी आरसा दोन्ही टोकांना नेऊन फुली दिसते का बघायची. नाहीतर ती अर्ध्या वाटेत हरवते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य : वहीत उतरणारे आकडे)

पंधरा टप्पे, पंधरा रीडिंग. १०० मिलिमीटरवर एक सेकंद म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रॉन. पहिलं रीडिंग १२ आणि दुसरं १६, तर फरक चार सेकंद : पहिल्या टप्प्याच्या मानाने दोन मायक्रॉनचा चढ. असे चढ-उतार जोडत जायचे, मग पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून रेषा ओढायची; मधले बिंदू तिच्यापासून जितके दूर, तितका बेड वाकडा. उलट्या दिशेनेही एक फेरी. दोन फेऱ्या एक-दोन सेकंदांत जुळल्या नाहीत, तर पानावर काट.

बेडला पीळ असेल तर मात्र फुली हलत नाही. किरणाच्याच अक्षाभोवती फिरलेला आरसा या यंत्राला दिसत नाही. तिथे लेव्हलच (पाणसळ) लागते.

(दृश्य : निळे ठिपके, स्क्रेपरचे हात)

मध्ये खोलगा निघाला. टेबल मधल्या भागातच जास्त फिरतं, म्हणून झीजही तिथेच. खोलगा भरता येत नाही, म्हणून दोन्ही टोकं खाली आणायची. निळी लावलेली सरळपट्टी फिरवायची, जिथे निळं उमटेल तो उंचवटा; स्क्रेपरच्या (हाताने धातू खरवडायच्या पात्याच्या) एका फेरीत दोन-चार मायक्रॉन निघतात. न काढल्यास जॉबची जाडी टोकाला एक, मध्ये दुसरी.

लेझरनेही हे मोजता येतं. पण असे जुने ऑटोकॉलिमेटर भंगारात निघतात ते लेझरमुळे नव्हे, बहुधा भिंगाला बुरशी धरल्यामुळे. मुंबईच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल हवंच. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवायचे.

(दृश्य : आरसा पहिल्या खुणेवर)

पुन्हा पहिली खूण. पंखा अजून बंदच.