नळ कोरडा असताना वॉर्डातले हात स्वच्छ कसे ठेवायचे?

नमस्कार. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर रुग्णाला जो नवा जंतुसंसर्ग होतो, त्यातला बराचसा हातांवाटे पसरतो. आज मला या विषयावर आपल्या मराठवाड्यापुरते बोलायचे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी दिवसभर हात धुवायचे तरी कशाने?

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझी आई आमच्या भागातल्या एका रुग्णालयात आठवडाभर दाखल होती. वॉर्डाच्या कोपऱ्यात बेसिन होते, पण नळ कोरडा होता. खाली पाण्याची बादली, तिच्या काठाला अडकवलेला मग आणि शेजारी खिळ्यावर सगळ्यांसाठी एकच टॉवेल. ड्रेसिंग आटोपून सिस्टर तिथे येत, मळक्या हाताने मग धरून दुसऱ्या हातावर पाणी ओतत, नंतर धुतलेल्या हाताने तोच मग पुन्हा धरत आणि त्या ओलसर टॉवेलला हात पुसून पुढच्या खाटेकडे वळत. त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही, कारण त्यांना दिलेली सोयच तेवढी होती.

या अडचणीचे उत्तर संशोधनाने दिलेले आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिये पित्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात अल्कोहोलयुक्त हँड रबच्या, म्हणजे पाण्याशिवाय हातांवर चोळायच्या द्रावणाच्या, बाटल्या थेट खाटेजवळ ठेवल्या, भित्तिपत्रके लावली, कर्मचाऱ्यांच्या सवयींचे वारंवार निरीक्षण केले आणि त्याचे निष्कर्ष त्यांनाच दाखवले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातील संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. हात स्वच्छ करण्यातली ही वाढ साबण-पाण्यामुळे झालेली नव्हती, ती हँड रबमुळे झाली होती. परिचारिका सुधारल्या, डॉक्टर मात्र फारसे सुधारले नाहीत, हेही त्या अभ्यासात नोंदलेले आहे.

हे द्रावण रुग्णालयाच्या औषधशाळेतही तयार करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर आणि उरलेले उकळून गार केलेले पाणी लागते. भरल्यावर बाटल्या ७२ तास तशाच ठेवायच्या, म्हणजे द्रावणात किंवा बाटलीत असलेले जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपे, मरतात. इथेनॉल पेट घेते, म्हणून हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल बनते, त्यामुळे ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला हा पदार्थ परका नाही.

मात्र हात रक्ताने किंवा घाणीने माखलेले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलसारख्या बीजाणू तयार करणाऱ्या जंतूमुळे जुलाब झालेला रुग्ण असेल, तर साबण-पाण्याला पर्याय नाही, कारण हातावरचे बीजाणू काही सेकंदांच्या चोळण्याने मरत नाहीत. बादलीतले पाणी नेमके त्यासाठी राखून ठेवावे. एरवी हँड रब वीस ते तीस सेकंद, अंगठा आणि बोटांची टोके न विसरता, चोळणे पुरेसे आहे.

राहिला प्रश्न शिक्षणाचा. वर्षातून एकदा हॉलमध्ये व्याख्यान ठेवून सवय बदलत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोण किती वेळा हात स्वच्छ करतो, हे वॉर्डातच उभे राहून मोजावे लागते आणि मोजलेले त्याच आठवड्यात संबंधितांना सांगावे लागते. रुग्णाला हात लावून झाल्यावर स्वतःच्या काळजीपोटी माणूस हात स्वच्छ करतो, पण लावण्याआधी बहुधा विसरतो. म्हणून हात स्वच्छ केले की नाही, याची निरीक्षकाने कागदावर खूण करायची ती नेमकी त्या क्षणी, जेव्हा डॉक्टर राउंडला खाटेशी आलेले असतात आणि रुग्णाला त्यांचा हात अजून लागलेला नसतो.