शेगडीभोवतीचा बेसबॉल

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो, प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका आटोपून नोव्हेंबर लागला की मैदाने ओस पडतात. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत जे चालते, त्याला तिकडे फार पूर्वीपासून ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे नाव आहे. थंडीत दुकानातल्या तापलेल्या शेगडीभोवती बसून, गेल्या हंगामाचे हिशेब मांडत भांडायचे, हीच ती स्पर्धा. तिच्यात पंच नसतो आणि निकालही लागत नाही. आज मी आपल्याला तिच्यातल्याच एका जुन्या भांडणाविषयी सांगणार आहे: चांगला फलंदाज कोणाला म्हणावे आणि त्याचे मोल कशावरून ठरवावे?

२०२३च्या हंगामातले दोन फलंदाज समोर ठेवू. पहिला मायामीचा लुईस अरायेझ. त्याची सरासरी ०.३५४ होती, म्हणजे दर हजार प्रयत्नांमागे ३५४ यशस्वी फटके; असा फटका मारून फलंदाज बाद न होता बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी एकावर, पोहोचतो. तिकडचे लोक हा आकडा ‘तीनशे चौपन्न’ असाच वाचतात. त्या वर्षी साऱ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च पातळीच्या स्पर्धेत, ही सर्वोच्च सरासरी होती. तीन स्ट्राइक होऊन, म्हणजे तीनदा चेंडू हुकवून किंवा मारण्याजोगा चेंडू सोडून देऊन, तो संपूर्ण हंगामात केवळ ३४ वेळा बाद झाला. मात्र त्याचे होमरन, म्हणजे सहसा चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके, होते फक्त १०. दुसरा फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर. सरासरी ०.१९७, आणि दोनशेच्या खालची सरासरी ही तिकडे शरमेची गोष्ट मानली जाते. तो २१५ वेळा स्ट्राइक आउट झाला. पण त्याने ४७ होमरन मारले, आणि त्याच्या एकेरी, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतच नेणाऱ्या, फटक्यांची संख्या होती ४८! एवढे असूनही व्यवस्थापक रॉब थॉमसन त्याला बहुतेक सामन्यांत पहिल्या क्रमांकावर पाठवत राहिले. एकशे सत्त्याण्णवचा माणूस सलामीला कसा, हा प्रश्न फिलाडेल्फियातल्या चाहत्यांनी त्या वर्षी किती वेळा विचारला असेल, याची मोजदाद करणे अवघड आहे.

उत्तराचा धागा ‘वॉक’मध्ये सापडतो. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने मोह आवरून ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. श्वार्बरला असे १२६ वॉक मिळाले. सरासरीच्या हिशेबात त्यांतला एकही धरला जात नाही. ते धरले, तर फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण ०.३४३ भरते आणि त्या वर्षी साऱ्या लीगचे हेच प्रमाण ०.३२० होते. म्हणजे सरासरीच्या तक्त्यात तळाशी दिसणारा हा माणूस सामान्य फलंदाजापेक्षा कमी वेळा बाद होत होता. संघाला सामन्यात बाद होण्याच्या सत्तावीसच संधी असतात. त्या ज्याच्याकडून कमी खर्च होतात, तो उपयोगाचा, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

मग सरासरीने वॉक वगळले का? याचे मूळ, गंमत म्हणजे, क्रिकेटपर्यंत जाते. बेसबॉलच्या धावफलकाला आकार देणारे हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचे, जन्म १८२४चा. अमेरिकेत ते आधी क्रिकेटचे वार्ताहर होते आणि मग बेसबॉलकडे वळले. त्यांच्या दृष्टीने वॉक ही पिचरची चूक होती, फलंदाजाचे कर्तृत्व नव्हे. आपण वाइडची धाव फलंदाजाच्या नावावर लावत नाही, तशातलाच हा विचार. १८८७ साली एका हंगामापुरते वॉक यशस्वी फटक्यांत मोजून पाहिले, तेव्हा सेंट लुईसच्या टिप ओ’नीलची सरासरी चारशे ऐंशीच्या पुढे गेली. लोकांना ते पटले नाही, पुढच्याच वर्षी नियम मागे घेतला गेला आणि आज त्याची त्या वर्षाची सरासरी ०.४३५ धरतात. माणूस तोच आणि त्याचा खेळही तोच. बदलला तो मोजणाऱ्याचा प्रश्न.

पुढे १९६३ साली कॅनडातले संरक्षण-संशोधक जॉर्ज लिंडसे यांनी, आपल्या वडिलांनी शेकडो सामन्यांच्या टिपून ठेवलेल्या नोंदींवरून, कोणत्या फटक्याने सरासरी किती धावांची भर पडते याचा हिशेब मांडला. त्याच वाटेने आलेले आजचे ढोबळ आकडे असे आहेत: एकेरी फटका म्हणजे साधारण अर्धी धाव, वॉक म्हणजे एक तृतीयांश धाव आणि होमरन म्हणजे जवळजवळ दीड धाव. वॉक एकेरीच्या बरोबरीचा नाही, हे जुन्या मताच्या लोकांचे म्हणणे यात खरे ठरते, कारण एकेरीवर पुढच्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत येऊन धाव पूर्ण करू शकतो. पण वॉकचे मोल शून्यही नाही.

स्ट्राइक आउटविषयीचा राग मला अर्धाच समजतो. तिसऱ्या बेसवर धावपटू उभा असताना चेंडूला बॅटच लागली नाही, तर चाहत्याने डोक्याला हात लावणे रास्तच आहे. मात्र पहिल्या बेसवर धावपटू असताना तोच फलंदाज जमिनीवरून सरळ क्षेत्ररक्षकाकडे चेंडू मारतो आणि एका फटक्यात दोघे बाद होतात, तेव्हा स्ट्राइक आउट परवडला असता. आकड्यातला फायदा आणि संघाचा फायदा वेगळे असू शकतात, हे क्रिकेटमध्येही दिसते. लॉर्ड्सवर १९७५च्या विश्वचषकात सुनील गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा केल्या होत्या. सरासरीच्या खात्यात ती खेळी नाबाद म्हणून फायद्याचीच जमा झाली; ३३४ धावांचा पाठलाग करणाऱ्या संघाला तिचा काय उपयोग झाला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की मी श्वार्बरचा वकील आहे. फटकेबाजीपुरता मी आहेच. परंतु २०२३मध्ये त्याच्याच संघातला ब्राइस हार्पर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे क्षेत्ररक्षण करू शकत नव्हता, त्यामुळे नुसती फलंदाजी करण्याची जागा त्याला मिळाली आणि श्वार्बरला निम्म्याहून अधिक हंगाम लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, उभे राहावे लागले. तिथे त्याने जे गमावले, ते फलंदाजी, धावणे आणि क्षेत्ररक्षण एकत्र करणाऱ्या ‘वॉर’ या आकड्यात उतरले आणि त्या हिशेबात त्या वर्षी अरायेझच पुढे राहिला. नव्या आकडेवारीचे भक्त हे सांगायला सहसा विसरतात. शिवाय ‘वॉर’ काढणाऱ्या दोन प्रमुख संस्था एकाच खेळाडूला वेगवेगळा आकडा देतात, कारण क्षेत्ररक्षणाचे माप अजून कच्चे आहे. बँकेच्या पासबुकातली शिल्लक वाचावी तसा तो दशांशापर्यंत वाचणाऱ्यांशी माझे जमत नाही.

२०१२च्या हिवाळ्यात हेच भांडण सर्वांत मोठ्याने झाले. डेट्रॉईटच्या मिगेल काब्रेराने सरासरी, होमरन आणि धावांना हातभार, या तिन्हींत मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी आपल्या लीगमध्ये पहिला येऊन १९६७नंतरचा पहिला ‘ट्रिपल क्राउन’ मिळवला. माइक ट्राउट नावाचा विशीतला मुलगा धावण्यात आणि क्षेत्ररक्षणात त्याच्यापेक्षा कितीतरी सरस होता. त्या लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या पुरस्कारासाठी पत्रकारांच्या २८ पहिल्या पसंतींपैकी २२ काब्रेराला मिळाल्या. त्याचा संघ बाद फेरीत पोहोचला, हेही कारण पुढे केले गेले. प्रत्यक्षात डेट्रॉईटने ८८ सामने जिंकले होते आणि घरी बसलेल्या ट्राउटच्या संघाने ८९.

बॅट वरच्या दिशेने फिरवून चेंडू उंच उडवण्याच्या तंत्रावरही असाच वाद चालतो. ते आजच्या पोरांचे फॅड आहे असे म्हणणाऱ्यांनी, जुन्या पिढीतले थोर फलंदाज टेड विल्यम्सही किंचित वरच्या दिशेनेच बॅट फिरवायला शिकवत असत, एवढे ध्यानात घ्यावे. पिचरच्या हातून ताशी दीडशे किलोमीटरने सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात येऊन पोहोचतो. तेवढ्या वेळात अरायेझसारखे मोकळी जागा हेरून चेंडू टाकणे फार थोड्यांना जमते, आणि सगळ्यांनी तसेच खेळावे असा आग्रह म्हणूनच मला भाबडा वाटतो.

२०२५च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाने श्वार्बरशी पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलरचा नवा करार केला. त्या हंगामात त्याने ५६ होमरन मारले होते आणि तो आता क्वचितच क्षेत्ररक्षणाला उभा राहतो. करार जाहीर झाला त्या दिवशीही शेगडीभोवती दोन तट होतेच; एकाला रक्कम जास्त वाटत होती, दुसऱ्याला ती संघाने आधीच का दिली नाही याचे कोडे पडले होते.

नमस्कार.